शून्य कुठे धरायचे

दगड फुटता कामा नये, ही आत्याची अट होती. पुरंदर तालुक्यातल्या तिच्या शेतात १९८३ सालच्या उन्हाळ्यात विहीर खोल करण्याचे काम चालले होते. यारीने वर आलेल्या डबरात एक दगड असा निघाला की मजुरांनी तो ढिगावर न टाकता घरी आणून दिला. नारळाएवढा काळा दगड, आणि त्याच्या अर्ध्या भागात एक पोकळी. पोकळीच्या तळाशी पिकलेल्या पेरूच्या गराच्या रंगाचे स्टिलबाइट, त्यावर काचेसारखे स्वच्छ ॲपोफिलाइटचे दोन चौकोनी स्फटिक, आणि एका कोपऱ्यात, अगदी सांदीत, पांढऱ्या सुयांचा एक पुंजका, कापसाच्या वातीचे टोक विस्कटावे तसा. आत्याने तो दगड शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवला होता. मी तेव्हा पुण्यात भूविज्ञानात एम.एस्सी. करत होते आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत होते, त्यामुळे त्या सुया नेमक्या कोणत्या हे मला हवे होते. आत्या म्हणाली, "आपणहून पडेल तेवढं घे. हातोडी लावायची नाही."

मी दगडाखाली काळा कागद धरला, बोटाने हलकेच टिचकी मारली, आणि सात-आठ सुया कागदावर उतरल्या. प्रत्येकीची लांबी दोनेक मिलिमीटर, जाडी केसापेक्षाही कमी. त्या मी कागदाच्या पुडीत बांधल्या, वर शिसपेन्सिलीने विहिरीचे नाव आणि तारीख घातली आणि एसटीने पुण्याला आणल्या. माझ्या प्रकल्पाचा सगळा कच्चा माल एवढाच.

सह्याद्रीच्या काळ्या कातळात अशा पोकळ्या का असतात, हे महाराष्ट्रात विहीर खणणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांच्या थराला तो मांजऱ्या म्हणतो, तो थर म्हणजे लाव्ह्यातून बाहेर पडू न शकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांचा गोठलेला साठा आहे. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. नंतर त्यातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिले, त्याने बेसॉल्टमधले सिलिका, ॲल्युमिनियम, सोडियम, कॅल्शियम विरघळवून घेतले आणि बुडबुड्यांच्या रिकाम्या जागेत पुन्हा मांडून ठेवले. झिओलाइट कुळातली खनिजे अशी जन्मतात, आणि पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद या पट्ट्यातल्या खाणी आणि विहिरी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत त्या याच कारणाने.

या कुळात पांढऱ्या सुयांची एक तिकडी आहे: नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट. तिघींचा सांगाडा एकच, सिलिका आणि ॲल्युमिनाच्या साखळ्यांचा; फरक त्या साखळ्यांच्या मधल्या बोळांत कोण राहते याचा. नॅट्रोलाइटच्या बोळांत सोडियम राहते, स्कोलेसाइटच्या बोळांत कॅल्शियम, आणि मेसोलाइटमध्ये दोघे शेजारी राहतात, तेही सरमिसळ करून नव्हे तर शिस्तीत: सोडियमचा एक थर, मग कॅल्शियमचे दोन, मग पुन्हा सोडियमचा एक. या शिस्तीमुळे मेसोलाइटच्या मूळ घरकुलाची, म्हणजे जो लहानात लहान नमुना पुन्हा पुन्हा मांडून स्फटिक बनतो त्याची, एक बाजू इतर दोघींच्या तिप्पट, ५६ अँगस्ट्रॉमच्या वर जाते (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). डोळ्यांना यातले काही दिसत नाही. भिंगाखालीही तिघी सख्ख्या बहिणी वाटतात. बाजारात तर ज्याला जे नाव जास्त भावाचे वाटेल ते नाव चिकटते.

आमच्या विभागात डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणारे यंत्र, नव्हता; तो शहरातल्या एका मोठ्या संस्थेत होता आणि त्यावर वेळ मिळवणे हा वेगळाच प्रकल्प होता. शिवाय त्याला काचेच्या चौकटीत दाबून बसवण्याइतकी, म्हणजे निदान चिमूटभर तरी भुकटी लागे. माझ्याकडे चिमटीचा शतांशही नव्हता. आमच्याकडे होता तो डिबाय-शेरर कॅमेरा, पितळेचा, झाकणाच्या डब्यासारखा दिसणारा. आणि सात-आठ सुयांसाठी तोच योग्य होता, हे मला नंतर कळले.

या पद्धतीचा जन्म १९१६ साली गॉटिंगेनमध्ये झाला. पीटर डिबाय आणि पॉल शेरर शोधत होते अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या कड्यांचा ठसा, आणि लिथियम फ्लोराइडच्या भुकटीवर क्ष-किरण सोडल्यावर फिल्मवर उमटला तो स्फटिकांच्या रचनेचा ठसा. महायुद्ध चालू असल्याने अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्बर्ट हल यांना या कामाची वार्ता नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधली. त्याआधी स्फटिकाच्या रचनेचा अभ्यास करायचा तर एक चांगला, अखंड, हाताळण्याइतका मोठा स्फटिक लागे. भुकटीची युक्ती उलट दिशेने जाते. स्फटिकातल्या अणूंच्या समांतर थरांवरून क्ष-किरण एका ठरावीक कोनातच जोरकसपणे परततात, आणि तो कोन थरांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. एकच स्फटिक असेल तर तो नेमक्या कोनात वळवावा लागतो. पण त्याचे हजारो तुकडे केले आणि ते वाटेल तसे पडलेले असले, तर प्रत्येक थरासाठी योग्य कोनात बसलेले काही तुकडे त्यांत असणारच. मग प्रत्येक अंतरासाठी किरणांचा एक शंकू तयार होतो, आणि नमुन्याभोवती गोल गुंडाळलेली फिल्मची पट्टी त्या शंकूंना छेदते तिथे कंसांच्या जोड्या उमटतात. आमच्याकडच्या कॅमेऱ्याचा व्यास ११४.६ मिलिमीटर होता. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामुळे परीघ बरोबर ३६० मिलिमीटर येतो आणि फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक अंश असा सरळ हिशेब बसतो. लहान कॅमेरा याच्या निम्म्या, ५७.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याला वेळ कमी लागतो, पण रेषा एकमेकींना खेटून येतात.

सुया भुकटी करायच्या तर अकीकाचा खल वापरण्यात अर्थ नव्हता, कारण एवढा माल खलाच्या तळाला लागूनच संपला असता. मी चार सुया दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून वरची पट्टी बोटाने गोल फिरवली, मग कोलोडियन या चिकट द्रवाचा सुईच्या टोकाएवढा थेंब त्यात मिसळला आणि केसाएवढ्या काचतंतूच्या टोकावर ती लगदी उचलून फिरवत फिरवत तिची गोळी केली. सुयांसारख्या खनिजाला गोळी करणे आवश्यक असते. नाहीतर तुकडे लांबट असल्याने सगळे एका दिशेला आडवे झोपतात आणि काही रेषा खोटा जोर धरतात, काही गायब होतात. माझी गोळी ०.२ मिलिमीटर व्यासाची झाली. नंतर एकदा मी हिशेब केला: तिच्यात फार तर १० मायक्रोग्रॅम खनिज मावते, म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या एका दाण्याचा सहावा हिस्सा. आणि तुकडे ५ मायक्रॉनचे धरले तर त्या गोळीत सुमारे तीस हजार स्फटिक होते. इतक्या कमी पदार्थात इतकी गर्दी असते, याचे मला अजूनही नवल वाटते.

गोळी कॅमेऱ्याच्या मधोमध बसवणे हे सगळ्यात चिकाटीचे काम. काचतंतू मेणाने फिरत्या दांड्यावर चिकटवायचा, छोट्या भिंगातून पाहत दांडा फिरवायचा, गोळी वर गेली की बाजूच्या स्क्रूने किंचित ढकलायची, पुन्हा फिरवायची. गोळी फिरताना जागची हलेनाशी झाली की ती मध्यावर आली. प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी माझ्याआधीच्या पंधरा-सोळा तुकड्यांना हे करताना पाहिले होते, ते मागून म्हणत, "ताई, श्वास धरून करा." ते खरेच होते, तोंडासमोर एवढी हलकी वस्तू असताना उच्छ्वासही पुरतो.

मग डार्करूम. तांबड्या अंधूक दिव्याखाली दोन बोटे रुंद आणि हातभर लांब फिल्म कापायची, आणि पंचाने तिला दोन भोके पाडायची: एक क्ष-किरण आत येण्याच्या नळीसाठी, दुसरे समोर न अडलेला झोत बाहेर घेण्याच्या नळीसाठी. फिल्म कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतीला घट्ट बसवायची आणि झाकण लावायचे. या भोकांकडे पुढे यायचेच आहे.

तांब्यावरून क्ष-किरण काढणारी ट्यूब, निकेलचा फिल्टर, ३५ किलोव्होल्ट, २० मिलिॲम्पिअर, आणि दहा तास. बेसॉल्टमधली खनिजे म्हटली की लोहाची भीती असते, कारण तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच चमकू लागते आणि सगळी फिल्म करडी होते. तेव्हा कोबाल्टची किंवा लोहाचीच ट्यूब लावावी लागते. झिओलाइटला तो त्रास नाही. त्रास होता तो पाण्याचा. ट्यूब थंड ठेवणारे पाणी नळाचे होते, आणि दुपारी नळाचा दाब उतरला की यंत्र आपोआप बंद पडे. मग दाब परत येईपर्यंत घड्याळ थांबवायचे, वहीत वेळ लिहायची, आणि पुन्हा सुरू करायचे. माझे दहा तास दोन दिवसांत पुरे झाले.

फिल्म डेव्हलपरमधून काढली तेव्हा तांबड्या उजेडात पहिल्यांदा दिसला तो झोत बाहेर जाण्याच्या भोकाभोवतीचा काळा धुरकट डाग, आणि मग हळूहळू, दोन्ही बाजूंनी, बारीक कंस. चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या द्रावणात बुडवून दिवा लावला आणि ते कंस मोजायला लागले. वीस-बावीस तरी होते. इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, की तो क्षण फार देखणा असतो आणि म्हणूनच फसवा असतो. आत्याच्या शोकेसमधल्या पांढऱ्या वातीने आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे, असे वाटते. वाचायचे बाकी राहिले आहे, हे विसरायला होते.

वाळलेली फिल्म प्रकाशपेटीवर ठेवून व्हर्निअरने प्रत्येक रेषेची जागा मोजायची असते आणि त्यावरून अणूंच्या थरांमधले अंतर अँगस्ट्रॉममध्ये काढायचे असते. प्रत्येक रेषेचा जोर डोळ्यांनी ठरवून दहापैकी गुण द्यायचे असतात. हे गुण दोन माणसे क्वचितच सारखे देतात, पण सगळ्यांत जोरकस तीन रेषा कोणत्या यावर सहसा वाद होत नाही. त्या तीन रेषांवरच ओळखीचा सगळा डोलारा उभा आहे. मिशिगनमधल्या डाऊ केमिकल कंपनीत काम करणारे हॅनावॉल्ट, रिन आणि फ्रेव्हेल यांनी १९३८ साली सुमारे १००० पदार्थांचे भुकटी-ठसे प्रसिद्ध केले आणि ते जोरकस तीन रेषांच्या क्रमाने लावून दाखवले. अनोळखी पदार्थाच्या तीन रेषा घ्या, यादीत त्या त्रयीशी जुळणारे पदार्थ पाहा, मग उरलेल्या रेषा ताडून बघा. पुढे याची कार्डे झाली, तीन इंच गुणिले पाच इंचांची, आणि आमच्या विभागातल्या लाकडी खणांमध्ये ती कार्डे होती, कोपरे मळलेली, काहींवर कोणीतरी पेनाने दुरुस्त्या केलेल्या.

माझ्या फिल्मवर मला तीन रेषा महत्त्वाच्या होत्या. नॅट्रोलाइटच्या कार्डावर एक रेषा ५.८९ अँगस्ट्रॉमवर, एक ४.६५ वर आणि एक २.८५ वर असते. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांच्या रेषा जवळपास तिथेच असतात, पण मधली ४.७२ ते ४.७४ वर जाते. आमच्या कॅमेऱ्यात ४.६५ आणि ४.७४ यांमधले अंतर ०.३७ मिलिमीटर येते. म्हणजे माझ्या प्रकल्पाचा सगळा निकाल एका रेषेच्या पाव-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असण्यावर अवलंबून होता.

मी मोजले: ४.६५. दुसरी रेषा मोजली: २.८४. नॅट्रोलाइट! दख्खनच्या खडकात नॅट्रोलाइट इतर दोघींच्या तुलनेत कमी आढळते, त्यामुळे माझा आनंद दुप्पट होता. तिसरी रेषा ५.७३ वर आली, कार्डावर होती तिथून बरीच लांब. तिच्यापुढे मी पेन्सिलीने "सुमारे" असा शब्द लिहिला आणि पुढे गेले. हा शब्द माझ्या वहीत अजून आहे. तो लिहिणाऱ्या मुलीला नॅट्रोलाइट हवे होते आणि तिने ते मिळवले, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे सर फार कमी बोलत. त्यांनी माझे कोष्टक पाहिले, मग फिल्म खिडकीशी धरून पाहिली आणि विचारले, "शून्य कुठे धरलंस?" मी म्हटले, झोत बाहेर जाण्याच्या भोकाच्या मध्यावर. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि सांगितले की स्कोलेसाइटचे कार्ड काढ, तीन रेषांच्या जागा मिलिमीटरमध्ये लिही, आणि तुझ्या जागांतून वजा कर. मी वजाबाकी केली. तिन्ही रेषांचा फरक जवळपास सारखाच, एक तृतीयांश मिलिमीटर, आणि तिन्हींचा एकाच बाजूला.

"अंतरं खरंच वेगळी असती तर लांबच्या रेषा जास्त सरकल्या असत्या, जवळच्या कमी," ते म्हणाले. "सगळ्या सारख्याच सरकल्यात. खनिज असं करत नाही. भोक करतं."

भोक मी स्वतः पाडले होते, अंधारात, अंदाजाने. कॅमेऱ्याची नळी त्या भोकातून जाते एवढेच भोकाचे काम. त्याचा मध्य हा झोताचा मध्य असतोच असे नाही, आणि माझ्या फिल्मवर तो तेवढाच ढळलेला होता. खरे शून्य भोक सांगत नाही, रेषाच सांगतात. बाहेर पडणाऱ्या झोताभोवती कंस जोडीने उमटतात, डावा आणि उजवा. प्रत्येक जोडीचा मध्य काढला की सगळे मध्य एकाच बिंदूवर येतात, आणि तो बिंदू म्हणजे शून्य अंश. तसेच आत येणाऱ्या झोताभोवतीच्या जोड्यांचा मध्य म्हणजे १८० अंश. या दोन बिंदूंमधले अंतर १८० मिलिमीटर यायला हवे; ते धुण्या-वाळवण्यात फिल्म आक्रसल्याने थोडे कमी येते, आणि त्यातूनच आक्रसण्याची दुरुस्तीही फुकटात मिळते. पट्टी अशा रीतीने बसवण्याच्या पद्धतीला स्ट्रॉमानिसचे नाव आहे, आणि ती मला पुस्तकातून पाठ होती. मी ती वापरली नव्हती, कारण डाव्या बाजूच्या कंसांवर माझ्या अंगठ्याचा डाग पडला होता आणि आत येणाऱ्या बाजूचे कंस फार फिके होते. एकाच बाजूने मोजणे सोपे होते.

दुसऱ्या फिल्मला मी अठरा तास दिले. यावेळी जोड्या दोन्ही बाजूंनी दिसत होत्या. १८० मिलिमीटरच्या जागी १७९.६ आले, तेवढी दुरुस्ती केली, आणि ती रेषा ४.७३ वर बसली, ५.७३ ची ५.८६ झाली, "सुमारे"ची गरज उरली नाही. नॅट्रोलाइट गेले.

पण ४.७३ म्हणजे कोण? मेसोलाइटची ४.७२ आणि स्कोलेसाइटची ४.७४ यांत फिल्मवर एक दशांश मिलिमीटरही अंतर पडत नाही, आणि मेसोलाइटच्या तिप्पट घरकुलामुळे ज्या जादा रेषा यायला हव्यात त्या इतक्या फिक्या असतात की एवढ्याशा गोळीच्या फिल्मवर त्या दिसल्या असे म्हणणे आणि दिसाव्यात अशी इच्छा असणे यांत फरक करता येत नाही. सर म्हणाले, उरलेल्या सुया कुठे आहेत? मग आम्ही त्यांतली एक तेलाच्या थेंबात ठेवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. स्कोलेसाइटची सुई तिरपी धरल्यावर विझते आणि इतर वेळी करडी-पांढरी उजळते. माझी सुई कुठल्याही कोनात जवळजवळ काळीच राहिली, जेमतेम राखाडी छटा दाखवत. मेसोलाइटमध्ये प्रकाशाच्या दोन दिशांतला फरक इतका नगण्य असतो, की तो ओळखण्याची खूण म्हणजे त्याचे हे न उजळणेच. ही तपासणी पाच मिनिटांची होती. ती मी आधी केली असती तर पाण्याच्या नळाशी दोन दिवस ताटकळावे लागले नसते, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला क्ष-किरणांचा मोह असतो आणि सूक्ष्मदर्शक पहिल्या वर्षाचा वाटतो. माझे मत विचाराल तर आजही अनेक प्रबंधांत हीच चूक दिसते, फक्त यंत्रे महाग झाली आहेत.

सरांनी मला त्या दिवशी एक नाव सांगितले: पूनाहलाइट. इंग्रज खनिजशास्त्रज्ञ ब्रूक यांनी १८३१ साली पुण्याहून आलेल्या पांढऱ्या सुयांना नवे खनिज ठरवून हे नाव दिले होते, त्या काळच्या "पूनाह" या स्पेलिंगवरून. सुमारे पाऊणशे वर्षे पुण्याच्या नावाचे एक खनिज जगाच्या यादीत होते. मग १९०९ साली बोमन यांनी दाखवले की पूनाहलाइट म्हणजे मेसोलाइटच आहे, आणि नाव गेले. क्ष-किरणांचे स्फटिकातून होणारे विवर्तन, म्हणजे थरांवरून ठरावीक कोनांत परतणे, जगाला कळले ते १९१२ मध्ये. म्हणजे पुण्याच्या सुयांची ओळख भुकटी-फिल्मच्या सात वर्षे आधी पटलेली होती. मी जो प्रश्न घेऊन दोन फिल्मा आणि अठ्ठावीस तास खर्च केले, तो प्रश्न याच जिल्ह्यातल्या सुयांसाठी, माझ्या आजीच्या जन्माआधी, कोणीतरी सोडवून ठेवला होता. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही, उलट आत्याचा दगड एका जुन्या ओळीत जाऊन बसल्यासारखे वाटले.

फिल्मचे खरे सामर्थ्य मात्र मला पुढे कळले, जिथे रसायन अपुरे पडते तिथे. नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींतून निघणारे निळेशार कॅव्हन्साइट आज संग्राहकांना परिचित आहे. त्याच खाणींत क्वचित पेंटागोनाइट मिळते, तितकेच निळे. ही दोन्ही खनिजे पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडली आणि १९७३ साली एकत्रच वर्णिली गेली. दोघांचे रासायनिक सूत्र अक्षरशः एक आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी, सगळे त्याच प्रमाणात. जगातले सगळ्यात अचूक रासायनिक विश्लेषण त्यांना वेगळे करू शकत नाही. मांडणी वेगळी आहे, आणि मांडणी विवर्तनाला दिसते. एखाद्या महागड्या नमुन्यावरून शंभरेक मायक्रॉनचा एक कण निघाला तरी काम होते, आणि मालकाला कुठून काढला ते दाखवूनही सापडत नाही.

तो कणही दळायचा नसेल, तर गांडोल्फी कॅमेरा आहे. इटलीत १९६७ साली आलेल्या या कल्पनेत एकच अखंड स्फटिक, तीस-चाळीस मायक्रॉनचा असला तरी चालतो, दोन अक्षांभोवती एकाच वेळी फिरवला जातो; एक अक्ष दुसऱ्याशी ४५ अंशांत कलता. फिरता फिरता तो एकटाच तीस हजार तुकड्यांची भूमिका करतो, आणि काम झाल्यावर शाबूत परत मिळतो. मी तो पहिल्यांदा वापरला तेव्हा मला आत्याची अट आठवली. तिच्या विहिरीच्या वेळी आमच्याकडे हा कॅमेरा असता तर एक सुई पुरली असती.

आता फिल्म नाही. कॅमेऱ्याच्या जागी थंड केलेले डिटेक्टर आले, अठरा तासांचे काम काही मिनिटांत होते, आणि कार्डांच्या खणांऐवजी लाखो नोंदींचा संच संगणकात असतो जो क्षणात दहा संभाव्य नावे सुचवतो. नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी त्या सॉफ्टवेअरमधला एक रकाना दाखवते, "झिरो शिफ्ट" नावाचा. तिथे आकडा टाकला की सगळ्या रेषा एकत्र डावीकडे किंवा उजवीकडे सरकतात आणि हव्या त्या खनिजावर जाऊन बसतात. बहुतेकजण तो रकाना संगणकावर सोपवतात आणि जुळणी सुधारली की समाधानी होतात. मी विचारते, शून्य किती सरकवलेस? आकडा मोठा असला तर मी वही मागते.

आत्याला मी निकाल सांगायला गेले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा. मी म्हटले, फार नाही. ती म्हणाली, "बरं झालं, म्हणजे कोणी मागायला येणार नाही." दगड आजही त्याच शोकेसमध्ये आहे, गणपती बदलला, शोकेसला काच बसली, ॲपोफिलाइटच्या एका स्फटिकावर नातवाने चेंडू मारून ओरखडा आणला. पांढऱ्या वातीला अजून कोणाचा हात लागलेला नाही. दगडाखाली मी तेव्हा चिकटवलेली चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण पेन्सिल पुसलेली नाही: मेसोलाइट, विहीर, सोळा हात खोल. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, त्या वयात मला फार महत्त्वाचे वाटलेले: ४.७३, दोन्ही बाजूंनी मोजले.